माहुली एका दिवसात: शिडीपर्यंत नव्हे, भंडारगडापर्यंत

घोडबंदरी (धागाकर्ता)

ठाण्याहून माहुलीला जाणारे कितीतरी गट माथ्याखालची लोखंडी शिडी चढून वर येतात, पाण्याच्या पहिल्या टाक्यापाशी डबे उघडतात, फोटो काढतात आणि उतरायला लागतात. चढाईचा सगळा घाम गाळून झाला, किल्ला मात्र बघायचाच राहिला. माहुली म्हणजे एक किल्ला नव्हे, तीन आहेत. उत्तरेला पळसगड, मधोमध माहुली आणि दक्षिणेला भंडारगड. शिडी जिथे संपते तिथे खरं तर पाहायला सुरुवात होते.

म्हणून वेळेचं गणित भंडारगडापासून उलटं मांडा. मला जमलेलं असं:

पहाटेची आसनगाव किंवा कसारा लोकल. ठाण्याहून आसनगावला सव्वा तासाच्या आसपास. स्टेशनवरून माहुली गाव साधारण पाच किलोमीटर, रिक्षा मिळते. परतीचं तेव्हाच ठरवून ठेवा आणि रिक्षावाल्याचा नंबर घ्या, कारण संध्याकाळी पायथ्याशी रिक्षा उभी असेलच असं नाही. पावणेसातला चालायला लागलात तर दहाच्या आत माथ्यावर. चढ दोन हजार फुटांहून जास्त आहे, गटात एक जरी नवखा असेल तरी तीन तास धरा. माथ्यावर न टेकता थेट भंडारगडाकडे निघा, साधारण तासाभराची चाल. बारापर्यंत तिकडे. दीडपर्यंत परत मधल्या माहुलीवर, मग महादरवाजा, देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या), तलाव. अडीचला शिडीवर उलटा पाय. पाच वाजता गावात.

अडीच ही वेळ लवचीक नाही. हिवाळ्यात सहानंतर झाडीत काळोख होतो आणि ती वाट हेडटॉर्चच्या उजेडात शोधण्यासारखी नाही.

पळसगड याच दिवसात कोंबू नका. त्यासाठी वेगळी फेरी करा, आणि तीही जानेवारीनंतर, गवत बसल्यावर.

यात कुणाला दुरुस्ती किंवा भर घालायची असेल तर घाला.

वासिंद_लोकल

वेळापत्रक ठीक आहे. वाटा कुठे चुकतात ते लिहितो.

पहिली चूक गावातच होते. देवळाजवळून एक वाट धबधब्याकडे जाते, एक गडाकडे. पावसाळ्यात धबधब्याकडे गर्दी असते, माणसं गर्दीच्या मागे चालत राहतात आणि अर्ध्या तासाने कड्याखाली उभी असतात. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करताना गडाची वाट विचारून घ्या, तिथेच प्रश्न मिटतो.

दुसरी चूक सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवर. सुरुवातीच्या झाडीनंतर वाट सोंडेला लागते आणि मग बराच वेळ सोंड सोडत नाही. म्हणून नियम सोपा: आडवी जाणारी, चढ न घेणारी, ऐसपैस वाट दिसली की ती ढोरवाट समजा. गुरं चढ टाळतात, त्यामुळे त्यांची वाट नेहमी जास्त मळलेली आणि जास्त मोहात पाडणारी असते. गडाची वाट अरुंद, दगडाळ आणि दम काढणारी. दहा मिनिटं चालूनही धाप लागली नाही तर थांबा आणि मागे वळा.

तिसरी चूक उतरताना, आणि तीच सगळ्यात महाग पडते. चढताना बाजूने येऊन मिळणारे फाटे दिसत नाहीत, कारण ते पाठीमागून येतात. उतरताना तेच फाटे समोर दोन वाटा होऊन उभे राहतात. उपाय एकच. चढताना प्रत्येक वळणावर, मोठ्या दगडापाशी, ओळखीच्या झाडापाशी मागे वळून बघा आणि मोबाईलवर खाली तोंड करून एक फोटो घ्या. पंधरा-वीस फोटो पुरतात. दगडांवर रंगवलेले बाण आहेत, पण ते चढणाऱ्याला दिसतील असे काढलेले असतात.

शेंद्री

@घोडबंदरी, वेळापत्रकात पाण्याचं काहीच नाही. ऑक्टोबरपासून माणशी चार लिटर, डिसेंबर-जानेवारीत तीन चालतं. बाटल्या भरल्या यावर समाधान मानू नका, पाण्याचे वाटे करा: एक लिटर शिडीपर्यंत, एक भंडारगडापर्यंत, एक परत महादरवाज्यापर्यंत, एक उताराला. शिडीपाशीच दुसरी बाटली उघडली असेल तर त्या गटाने भंडारगड सोडून द्यावा.

नुसतं पाणी ढोसलं की दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामातून मीठ जातं आणि आत जातं फक्त पाणी. निम्मं पाणी लिंबू-मीठ-साखर घालून न्या किंवा ओआरएसच्या पुड्या ठेवा. संत्री-मोसंबी बिस्किटांपेक्षा कधीही बरी. साली मात्र पिशवीत घालून खाली आणा. वानरं साल उचलतात आणि पुढच्या गटाच्या सॅकवर हक्क सांगायला येतात.

टाक्यांबद्दल. माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत, महादरवाज्याजवळ झराही आहे. पण पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे महिन्यावर ठरतं. पाऊस संपल्यावर बरं असतं, फेब्रुवारीनंतर शेवाळ, पानं, बेडूक सगळं आत. फडक्यातून गाळा, क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास लोक विसरतात आणि गोळीला नावं ठेवतात. टाक्यात हात-पाय धुऊ नका, भांडं बुडवून बाहेर घ्या.

नौपाडा_सात

शिडीचं मी लिहितो, कारण तिच्याबद्दल उगाच भीतीही आहे आणि उगाच बेफिकिरीही.

लोखंडी शिडी आहे, भक्कम आहे, पण एका वेळी एकच माणूस. वर चढणाऱ्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट शिडीच्या रेषेत येतो, म्हणून खाली वाट बघणाऱ्यांनी शिडीच्या तोंडाशी न थांबता बाजूला कातळाला लगटून उभं राहायचं. हात पायऱ्यांवर नको, बाजूच्या उभ्या दांड्यांवर ठेवा, म्हणजे वरच्याचा बूट बोटांवर येत नाही. सॅकचा छातीचा पट्टा लावा, काठ्या मिटून आत घाला, गळ्यातला कॅमेरा पाठीवर न्या. उतरताना तोंड कातळाकडे. दरीकडे तोंड करून उतरलं की टाच पायरीवर पूर्ण बसत नाही आणि सॅक मागच्या पायरीला अडकून माणूस पुढे ढकलला जातो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी लोखंड इतकं तापतं की हात ठेववत नाही. सुती हातमोजे सॅकमध्ये टाकून ठेवा, वजन काही नाही.

आणि वीस जणांच्या गटाला शिडीवर अर्धा-पाऊण तास जातो, दोन्ही वेळा. धागाकर्त्यांच्या वेळापत्रकात तो धरलेला नाही.

घोडबंदरी (धागाकर्ता)

बरोबर. माझं गणित सहा जणांचं आहे. वीस जण असाल तर भंडारगडावर पोचायची वेळ एक धरा आणि तलाव सोडा.

तानसाकाठ

एक दुरुस्ती आधीच करतो, कारण हे वाक्य धाग्यात कुणीतरी टाकणारच: "माहुली हे ठाणे जिल्ह्यातलं सर्वोच्च ठिकाण." फलकांवर, ब्लॉगवर, सगळीकडे छापलेलं असतं. माहुली २८१५ फूट, म्हणजे ८५८ मीटर. त्याच शहापूर तालुक्यात डेहणे गावाच्या माथ्यावर आजोबाचा डोंगर उभा आहे, साडेचार हजार फुटांचा. तो सह्याद्रीच्या मुख्य धारेवर आहे. माहुली त्या धारेपासून तुटून कोकणच्या सपाटीत एकटी उभी आहे, म्हणून ती आहे त्यापेक्षा उंच वाटते. या एकटेपणाचा फायदा माथ्यावर मिळतो, चारही बाजू मोकळ्या. उत्तरेला तानसा तलाव, पूर्वेला भातसा, त्यापलीकडे स्वच्छ हवेत आजोबा, अलंग-मदन-कुलंगची रांग आणि कळसूबाई. दक्षिणेला मलंगगड आणि चंदेरी. पाऊस उघडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे यासाठी सगळ्यात चांगले, नंतर खालच्या शेकोट्यांचा आणि महामार्गाचा धुरळा हवेत बसतो.

तानसाचं धरण १८९२चं, मुंबईला पाणी द्यायला बांधलेलं. आजचं तानसा अभयारण्य त्याच पाणलोटाभोवती आहे आणि माहुली त्याच्या हद्दीत येते. म्हणजे इथे वन्यजीव कायदा लागू आहे. मुक्काम, शेकोटी, ड्रोन, स्पीकर यातलं काहीही परवानगीशिवाय नको. "देवड्यांत झोपायला जागा आहे" असं जुन्या माहितीत वाचून लोक स्लीपिंग बॅग घेऊन येतात आणि नाक्यावरून परत जातात. आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा.

काळाकातळ

सुळक्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, आणि माहुलीची ओळख तर तीच आहे.

भंडारगडाच्या दक्षिण टोकापलीकडे धार तुटत जाते आणि सुळके सुरू होतात. नवरा, नवरी, भटोबा ही गावाकडची नावं. लग्नाचं वऱ्हाड दगड झालं अशी गोष्ट सांगतात, आणि खरोखर आसनगावच्या बाजूने बघितलं तर रांग तशीच दिसते. वजीर त्यांच्यापासून थोडा सुटा, सरळसोट, अडीचशे फुटांहून उंच. त्याकडे वांद्रे गावातून जातात. हे वांद्रे शहापूर तालुक्यातलं. रिक्षावाल्याला नुसतं "वांद्रे" सांगितलंत तर तो आधी हसेल.

सुळके असे का, त्याचं उत्तर दगडात आहे. सगळा डोंगर बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून झालेला. एक थर टणक, एक भुसभुशीत. टणक थर उभा तुटतो, त्याचा कडा होतो. भुसभुशीत थर उतार धरतो, तिथे माती साचते, झाडी वाढते. माहुली चढताना हे पायांना कळतं: झाडीची सोपी चाल, मग अचानक दगडाची उठावणी, परत झाडी, परत उठावणी. शेवटची उठावणी म्हणजे शिडी. थंड होताना बेसाल्टला उभ्या भेगा पडतात. त्यांत पाणी शिरतं, मुळं शिरतात, भेगा रुंदावतात आणि धारेचा अरुंद भाग सुट्या खांबांत विभागला जातो. मधले खांब कोसळले, उरले ते सुळके. पायथ्याशी पडलेले घरएवढे धोंडे हे त्याच कोसळलेल्या खांबांचे.

दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, वीतभर ते हातभर जाडीचा. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत जी माती तयार झाली, ती भाजून तो झाला. या पट्ट्यातून पाणी खाली सहज जात नाही, आडवं सरकतं आणि कड्यावर पाझरून बाहेर येतं. फेब्रुवारीतही कड्यावर हिरवळीची आडवी रेघ दिसली तर तिथे लाल पट्टा शोधा, बहुतेक वेळा सापडतो. आणि त्या पट्ट्यावर पाय देऊ नका. कोरडा असताना भुगा होतो, ओला असताना साबण.

बखरबंद

इतिहास थोडक्यात, पण तारखांसह, कारण फलकांवर "शिवकालीन किल्ला" एवढंच असतं आणि माहुलीचं खरं महत्त्व शिवकालाच्या आधीचं आहे.

१६३३ मध्ये दौलताबाद पडलं, निजामशाही संपल्यात जमा झाली. शहाजीराजांनी मुर्तझा नावाच्या निजामशाही वंशातल्या लहान मुलाला गादीवर बसवून तीन वर्षं राज्य चालवलं. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशाह यांच्यात तह झाला आणि दोन्ही फौजा एकत्र शहाजीराजांच्या मागे लागल्या. मोगलांकडून खानजमान, आदिलशाहीकडून रणदुल्लाखान. शहाजीराजे हटत हटत कोकणात उतरले आणि माहुलीवर आले. वेढा पडला. शेवटी तह करून त्यांनी माहुली सोडली, मुर्तझाला मोगलांच्या हवाली केलं आणि आदिलशाहीची चाकरी पत्करली. दीडशे वर्षांची निजामशाही संपली ती या डोंगरावर. वेढ्याच्या काळात जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे गडावर होते असं मांडलं जातं.

नंतरचं असं. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि जानेवारी १६५८ मध्ये माहुली. क्रम लक्षात घ्या: आधी खाडीवरची बंदरं, मग त्या बंदरांकडून थळघाटाकडे (आजच्या कसारा घाटाकडे) चढणाऱ्या वाटेवरचा डोंगर. बंदर हातात आणि माथ्यावर शत्रू, असं ठेवून चालणार नव्हतं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुली होती.

फेब्रुवारी १६७० चा प्रसंग सगळ्यात बोलका आहे. मराठ्यांनी छापा घातला, मोगल किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, छापा फसला आणि माणसं मोठ्या संख्येने कामी आली. त्याच महिन्यात सिंहगड मिळाला होता, हे लक्षात घेतलं तर माहुलीचं अपयश किती बोचलं असेल ते कळतं. पुढे जून १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला.

भंडारगडाच्या दक्षिण टोकावर उभं राहून खाली बघितलं की छापा का फसला ते समजायला पुस्तक लागत नाही. कडा सरळ, माथ्याला आडोसा नाही. वरचा पहारेकरी जागा असला की खालून येणाऱ्याला काहीच उरत नाही.

वासिंद_लोकल

@बखरबंद, थळघाटाचा मुद्दा रेल्वेलाही लागू. १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत रूळ पोचले ते याच डोंगराच्या कुशीतून. बैल, तोफा आणि इंजिन, तिघांनाही चढ एकाच ठिकाणी सोपा वाटला.

कारवीचा_दांडा

नावाप्रमाणे मी कारवीवर येतो, म्हणजे डोंगरउतारांवर दाट वाढणाऱ्या त्या उंच झुडपावर.

माथा गाठल्यावर भंडारगडाकडे जाताना वाट कारवीच्या बोगद्यात शिरते. डोक्याच्या वर दोन-तीन हात कारवी, आत वारा नाही, उजेड कमी. पुढचा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. गट मोठा असेल तर पुढे एक आणि शेवटी एक असे वाट माहीत असलेले ठेवा, मध्ये अंतर पडू देऊ नका. इथे हाकेला प्रतिसाद येतो, पण दिशा कळत नाही.

ठाणेकरांना येऊरमुळे कारवी ओळखीची आहे. "सात वर्षांनी की आठ" हा वाद दर वेळी होतो. येऊर-बोरिवलीच्या जंगलात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये सामूहिक फुलोरा आला. मध्ये सात वर्षं कोरडी, आठव्यात फूल, म्हणून दोन्ही आकडे ऐकू येतात. पण प्रत्येक डोंगराची पाळी येऊरच्या बरोबरच येते असं नाही, एकाच डोंगराच्या दोन उतारांवरही ती वेगळी असू शकते. अधल्यामधल्या वर्षी एखादं झुडूप फुललेलं दिसलं तर तो चुकार.

फुलल्यानंतर ते झाड मरतं. पुढच्या उन्हाळ्यात सगळा उतार वाळक्या काठ्यांचा होतो. हा काळ वणव्याचा. एक बिडी पुरते. पहिल्या पावसाची ओल लागली की वाळकी बोंडं तडतडत फुटतात आणि बी उडतं. त्या पावसात गुडघ्याएवढी नवी रोपं दाट उगवतात आणि जुन्या पायवाटा त्यांत बुडतात. म्हणून फुलोऱ्यानंतरचं वर्ष वाट चुकायचं वर्ष असतं, जुने जीपीएस ट्रॅक घेऊन जा.

कारवीच्या काठ्या म्हणजे कुडाच्या भिंती: उभ्या-आडव्या बांधायच्या, वर शेण-माती लिंपायची. गावात अजून अशी घरं दिसतात. आपण मात्र टेकायला म्हणूनसुद्धा काठी तोडायची नाही, अभयारण्यात तो गुन्हा आहे.

पावसाळ्यात कारवीत शिरताना फांदी हाताने बाजूला सारू नका, आधी काठीने हलवा. चापडा हा हिरवा विषारी साप नेमका छातीच्या उंचीवर फांदीला विळखा घालून बसलेला असतो. कारवीच्या पानाचाच रंग, डोकं त्रिकोणी, हलत नाही. पायाकडे बघून चालणाऱ्याला तो दिसतच नाही. चावला तर जागा कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नको. अंगठ्या-घड्याळ काढा, कारण सूज भरभर चढते, हात हलू देऊ नका आणि खाली आणा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. साप मारून सोबत नेऊ नका, फोटो लांबून मिळाला तर पुरे. डॉक्टरांना "हिरवा, झाडावरचा" हे आवर्जून सांगा, कारण आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते. चापड्यावर ती नीट लागू पडत नाही आणि उपचार वेगळ्या अंगाने करावे लागतात.

शेंद्री

खाजकुयली राहिली की! नोव्हेंबरपासून तिच्या शेंगा वाळतात, शेंगेवर तपकिरी सोनेरी लव असते आणि वाऱ्याच्या झुळकीनेही ती उडते. अंगाला लागली की लोक पहिली गोष्ट करतात ती चोळण्याची, आणि मग आग पसरते. लव म्हणजे बारीक सुया, चोळलं की आत जातात. चिकटपट्टी लावून उपटून काढा, दोन-तीनदा, मग भरपूर पाण्याने धुवा. चिकटपट्टीचं एक बंडल प्रथमोपचाराच्या डब्यात हवंच, तुटलेल्या बुटाच्या तळव्यालाही तेच लागतं. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. तो कपडा घरी वेगळा धुवा, नाहीतर पुढचा आठवडा सगळं घर खाजवतंय.

पंखवाही

पाखरांसाठी जाणाऱ्यांना एक सांगतो. तानसाच्या जंगलात २०१४ मध्ये वनपिंगळ्याची, एका छोट्या घुबडाची, नोंद झाली. हा पक्षी १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं कुणालाच सापडला नव्हता, नामशेष समजला गेला होता, आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा मिळाला. तो अगदी आपल्या वाटेवरच्या सागवानी जंगलासारख्या ठिकाणी राहतो.

पण दिसला तो पिंगळा म्हणजे वनपिंगळा नव्हे. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते. वनपिंगळ्याचं डोकं जवळपास सपाट करडं-तपकिरी, चोच मोठी, छातीवर रुंद गडद पट्टे आणि पोटाखालचा भाग स्वच्छ पांढरा. दिवसा उजेडी शिकार करतो. सकाळी आठ ते दहा सागाच्या वाळक्या फांदीवर नजर ठेवा. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून बोलावू नका, विणीच्या काळात नर घरटं सोडून त्या आवाजाच्या मागे येतो.

कड्यांवर आग्यामाश्यांची पोळी असतात. वजीरच्या बाजूला जाणाऱ्यांनी अत्तर, डिओ, धूर, मोठा आवाज टाळा. उठल्याच तर पाण्यात उडी वगैरे नाही, चेहरा झाकून दाट झाडीत शिरा. उघड्या कातळावर पळणारा जास्त चावे खातो, आणि पळताना कडा विसरतो.

डोंबिवली_फास्ट_स्लो

चर्चा सगळी हिवाळ्याची चालली आहे. पावसात गेलं तर? धुक्यात माहुलीसारखं काही नाही.

नौपाडा_सात

धुक्यात माहुली दिसतच नाही, त्यामुळे तुलना अवघड आहे.

गंमत सोडा. पावसात अडचण कड्याची नाही, ओढ्यांची आहे. गाव आणि सोंड यांच्यामध्ये पाणी आडवं येतं. सकाळी घोट्याएवढं असतं, वर दोन-तीन तास जोराचा पाऊस झाला की दुपारी कमरेला लागतं. कमरेएवढं वाहतं पाणी ओलांडायचं नाही, दोर असला तरी नाही. पाऊस थांबल्यावर असा ओढा जसा पटकन चढतो तसा उतरतोही, तास-दीड तास थांबायची तयारी ठेवा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली की वर लोंढा सुटलाय असं समजून काठापासून वर सरका.

दुसरं, पावसाळ्यात धबधब्यांच्या ठिकाणी प्रशासनाचे बंदी आदेश निघतात आणि माहुलीचा धबधबा त्यात असू शकतो. निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर नाक्यावर पोलिसांशी वाद घालण्यात सकाळ जाते. पावसात जायचंच तर शिडीपर्यंत जा आणि परत फिरा. धागाकर्त्यांचा नियम फक्त या चार महिन्यांत उलटा.

घोडबंदरी (धागाकर्ता)

मान्य. जून ते सप्टेंबर भंडारगड नाही. कातळावरचं शेवाळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुकत नाही, तेव्हा खिंडीतला उतार वाईट असतो.

खिंडीचंही सांगतो, विचारणा झालीच असती. माहुली आणि भंडारगड सलग नाहीत, मध्ये खिंड आहे. खाली उतरून पलीकडे चढावं लागतं. उतारावर घसारा (पायाखाली सरकणारी सुटी माती-खडे) आहे, सगळ्यांनी एका ओळीत एकाखाली एक उतरू नका, तिरके उतरा. परतताना हाच उतार चढ होतो आणि तोही भर दुपारी. पाण्याचा तिसरा वाटा इथेच संपतो.

डोंबिवली_फास्ट_स्लो

आणि कल्याण दरवाजा? तिथून थेट खाली उतरून दुसऱ्या बाजूने येता येतं असं वाचलंय. म्हणजे शिडीची रांगही टळेल.

काळाकातळ

वाचलंय ते खरं आहे, पण अर्धं. कल्याण दरवाजा भंडारगडाच्या दक्षिण टोकाकडे आहे, दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत आणि तिथपर्यंत जाऊन बघण्यासारखं आहे. त्याखालची वाट मात्र पायवाट नव्हे. पायऱ्या तुटलेल्या, उघडा कडा, दोर-हार्नेस-हेल्मेट आणि दोर लावता येणारी माणसं असल्याशिवाय तो विचारच नको. शिडीची रांग टाळायला कडा उतरणं म्हणजे रिक्षाचे पैसे वाचवायला खाडी पोहून जाणं.

दरवाज्याची कारागिरी बघायची असेल तर पायऱ्यांच्या कडा बघा. मधोमध झिजलेल्या, कडेला छिन्नीचे तिरके घाव अजून स्पष्ट. घावांच्या दिशेवरून कातळ कुठल्या बाजूने फोडत नेला ते कळतं. वरून सुरू करून खाली, म्हणजे निघालेला दगड दरीत लोटायला सोपा.

तानसाकाठ

गावातल्या एखाद्याला वाटाड्या म्हणून घ्या, विशेषतः भंडारगडाला जाणार असाल तर. पैसे आधी ठरवा, जेवणाचं आधी सांगा. गावात पोहे, चहा, भाकरी-पिठलं मिळतं, पण वीस जणांचं ऐनवेळी नाही. श्रावणाच्या आसपास गेलात तर जेवणात रानभाजीचं विचारा, कुलू किंवा टाकळा असेल तर नशीब.

आनंदनगर_थांबा

सगळं वाचलं, उपयोगी धागा. पुढच्या रविवारी सात जण आहोत, भंडारगडापर्यंत. एक बारीक प्रश्न: लोकलमधून गड दिसतो म्हणतात, कुठल्या बाजूला?

वासिंद_लोकल

जाताना डावी खिडकी. वासिंद सुटलं की पुढे डावीकडे बघत राहा. पहिल्यांदा एकच लांबट डोंगर वाटतो. आसनगावच्या अलीकडे गाडी थोडी वळली की डोंगराच्या दक्षिण टोकाजवळ आभाळात फट दिसते, मग दुसरी. फटींच्या उत्तरेकडचं रुंद ते भंडारगड, दक्षिणेकडचे उभे ते सुळके. परतीला उजवी खिडकी, पण तेव्हा बसायला मिळेलच असं नाही. कसाऱ्याकडची गाडी रविवारी संध्याकाळी आसनगावला भरूनच येते. आसनगावहूनच सुटणारी गाडी कोणती आहे ते सकाळीच फलकावर बघून ठेवा.